मोठा घास

अण्णांना कुणी 'आज गुरुवार आहे' असं सांगितलं, तरी ते 'कशावरून?' असं विचारत. चेष्टेनं नव्हे. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर बघत, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग ते कॅलेंडर कुठल्या सालचं आहे ते दिसावं म्हणून चष्मा कपाळावर सरकवून जवळ जात, आणि सगळं जुळलं की 'असंल' एवढंच म्हणत. 'आहे' हा शब्द मी त्यांच्या तोंडून फार क्वचित ऐकला. 'असंल' ही त्यांनी जगाला दिलेली सर्वांत मोठी कबुली होती.

आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळात त्यांचं नावच 'कशावरून अण्णा' पडलं होतं. ते मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी इथल्या एका सरकारी कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. कोरमंगला गावाबाहेर वाटायचं तेव्हा त्यांनी तिथे बैठं घर बांधलं होतं. आता ते घर दोन पीजी आणि एका कॉफीच्या दुकानाच्या मध्ये, गर्दीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. वर गच्चीला लागून एक खोली आहे. त्या खोलीत मी भाड्यानं राहते.

मी शाळेची पुस्तकं तपासणाऱ्या एका कंपनीत काम करते आणि घरीही पुस्तकांतच असते. खोली बघायला गेले तेव्हा सामानात मुख्यतः पुस्तकं आहेत असं मी सांगून टाकलं. अण्णांनी विचारलं, वाचलीस? मी म्हटलं, बरीचशी. "मग ठेवलीस कशाला?" असं विचारून त्यांनी चपलेच्या टाचेनं स्लॅब ठोकून पाहिला आणि पुस्तकं भिंतीच्या कडेनं लावायची, मध्ये ढीग करायचा नाही, अशी अट घातली. मग माझ्या आधीच्या घरमालकांना फोन केला. ते माझ्याबद्दल चांगलं बोलले. त्यामुळे अण्णांना त्यांच्याबद्दल शंका आली. एवढी चांगली भाडेकरू त्यांनी सोडली कशी? मला खोली मिळाली, पण पुढे बरेच दिवस ते माझी ओळख 'वरची पुस्तकवाली' अशी करून द्यायचे. म्हणजे पुस्तकं आहेत एवढं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाकीचं सिद्ध व्हायचं होतं.

अण्णा येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. पँटच्या पट्ट्याला किल्ल्यांचा मोठा जुडगा अडकवलेला असे आणि तो चालताना मांडीवर आपटे. त्यात घराची किल्ली होतीच. शिवाय परदेशात गेलेल्या पुतण्याच्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटची होती, गल्लीच्या असोसिएशनच्या पंपघराची होती, मंडळाच्या गणपतीचं सामान ठेवलेल्या कपाटाची होती, आणि बहिणीनं शहराबाहेर देवनहळ्ळीला घेऊन ठेवलेल्या प्लॉटच्या फाटकाची होती. प्रत्येक किल्लीमागे एकच कहाणी. पंप चालू-बंद करायला एक माणूस ठेवू या, असं बैठकीत कुणीतरी म्हणायचं. अण्णा विचारायचे, कशावरून तो वेळेवर येईल?   मग अण्णा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. मी बघतो."

लोक त्यांना परोपकारी समजायचे. मीही आधी तसंच समजले. खाली-वर राहून काही महिने गेल्यावर माझ्या लक्षात आलं की 'कशावरून' आणि 'मी बघतो' ही एकाच वाक्याची दोन टोकं आहेत. ज्याचा कुणावर विश्वास नाही, त्याला सगळंच स्वतः बघावं लागतं.

देवनहळ्ळीची फेरी मात्र बघण्यासारखी असे. तिकडे शेतं मोडून प्लॉट पडत होते आणि हद्दीचे दगड आपोआप चालतात अशी अण्णांची खात्री होती. दर आठवड्याला ते बसनं तिथे जात, चारही कोपऱ्यांतल्या दगडांना बुटाच्या टोकानं ढोसून बघत, आणि बस पकडून परत येत. एकदा मी म्हटलं, बहिणीला सांगून कुंपण घालून घ्या, म्हणजे जायला नको. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कुंपण घालणारा हातभर आत सरकणार नाही, हे मी कशावरून सांगत होते? परत आल्यावर ते पायरीवर बूट काढताना आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आज तरी जागेवर हायत."

आत काकू असायच्या. मी राहायला येण्याच्या आधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात-पाय गेला आणि शब्दही बहुतेक गेले. काकू बेळगावच्या. तिकडच्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी बसतो' असंच बोलायच्या, आणि झटक्यानंतर जे चार शब्द शिल्लक राहिले त्यांतही ते तसंच राहिलं. 'खातो', 'बसतो', 'नको', आणि 'फूल'. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मऊ द्या, घास लहान द्या, एक गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. अण्णा दिवसातून तीन वेळा काकूंना स्वतः भरवत. आंघोळ घालत. वेणीसुद्धा घालत, पण टर्नरच्या हाताची, इतकी घट्ट की काकूंच्या भुवया वर ओढल्या जात.

मदतीला बाया ठेवून झाल्या होत्या, टिकली कुणीच नव्हती. एकीनं दुपारची गोळी दिली असं सांगितलं, तर अण्णांनी काकूंच्या जिभेखाली बोट घालून खात्री करून घेतली. ती बाई तिथेच रडायला लागली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. अण्णा मला म्हणाले, "बघ. खरी असती तर आली असती." त्यामुळे देवनहळ्ळीला किंवा बेळ्ळंदूरला जायचं झालं की ते काकूंना खुर्चीत बसवत, हाताशी पाणी ठेवत, रेडिओ लावत आणि बाहेरून कुलूप घालत. सुट्टीच्या दिवशी मी बसते म्हटलं तर 'बघू' म्हणायचे. घराची किल्ली त्यांनी मला दिली नव्हती. मी अजून 'असंल'मध्येच होते.

शेजारच्या घरात अक्का राहतात. गल्ली त्यांना अक्काच म्हणते. कन्नड घरातल्या, एम.ए. झालेल्या, एका शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, आता एकट्या. हलकंफुलकं बोलायचं असलं की कन्नड, गंभीर झाल्या की इंग्रजी. तेही प्रार्थनेनंतर मैदानात उभ्या असलेल्या मुलांशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून. त्यांची आणि काकूंची पंचवीस-तीस वर्षांची मैत्री होती, हे मला पलीकडच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. कारण मी आले तेव्हा दोन घरांमध्ये बोलणंच नव्हतं. अक्का फाटकात दिसल्या की अण्णा तोंड फिरवून आकाशाकडे बघत, पाऊस येणार आहे की काय असं. कारण विचारलं तर म्हणाले, ती बाई आपल्या घराकडे बघत असते, एवढं लक्षात ठेव.

हे एकदा कानावर पडल्यावर मलाही दिसू लागलं. आमच्या फाटकाची कडी वाजली की शेजारचा पडदा हलायचा. अण्णा पिशवी घेऊन निघाले की हमखास हलायचा. एकदा गेटपाशी अक्कांनी मला सहज विचारावं तसं विचारलं, अण्णा आज देवनहळ्ळीला का? मला माहीत असून मी 'ठाऊक नाही' म्हटलं. मग एके दिवशी त्यांच्या फाटकाशी हातात फाइल घेतलेला एक गृहस्थ उभा दिसला. तो आधी त्यांच्या छपराकडे बोट करत होता, मग आमच्या. कोरमंगलाच्या आमच्या गल्लीत या हावभावाचा एकच अर्थ होतो. दोन प्लॉट एकत्र आले की त्यावर वाटेल तेवढे मजले चढतात. मी अण्णांना सांगायला धावले नाही. गरजही नव्हती. ते गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीआडून बघतच होते.

मग फुलाचं प्रकरण झालं. अण्णा बेळ्ळंदूरहून परत आले, कुलूप उघडून आत गेले, आणि काकूंच्या वेणीत अबोलीची चार फुलं होती. ताजी. त्यांनी मला खाली बोलावलं. तू घातलीस? मी तर ऑफिसातून नुकतीच येत होते. कुलूप जसंच्या तसं होतं. मागचं दार आतून बंद होतं. अण्णांनी काकूंना विचारलं, कुणी आलं होतं? काकू हसल्या आणि म्हणाल्या, "फूल." पुढच्या खेपेला अण्णांनी दाराच्या फटीत कागदाची चिठोरी अडकवून ठेवली. चिठोरी जागेवर आणि वेणीत पुन्हा अबोली. मी पुस्तकं वाचणारी बाई, मला भुतांची भीती वाटत नाही. पण कुलूपबंद घरातल्या, जागचं हलता न येणाऱ्या बाईच्या केसांत कुणीतरी फुलं माळून जातं आहे, या विचारानं मी खोलीची कडी दोनदा तपासू लागले. अण्णांना काय वाटत होतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. फक्त बाहेर निघताना ते कुलूप ओढून बघायचे, पुढे जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे.

असं असूनही जाणं थांबलं नाही. ते थांबायला पाहिजे होतं, कारण धोका कुणाला होता हे सर्वांना कळत होतं. काकू खुर्चीतून घसरल्या तर, ठसका लागला तर, घरात कोण होतं? मी एकदा हे बोललेसुद्धा. अण्णा म्हणाले, मी लवकर येतो की. त्यांना आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकबद्दल तेवढा संशय कधी आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

एका दुपारी अण्णांचा फोन आला, ते देवनहळ्ळीहून येताना बसमध्ये अडकले होते. पुढे काहीतरी उलटलं होतं आणि बस जागची हलत नव्हती. तू घरी हाईस काय, असं त्यांनी विचारलं. मी बेळ्ळंदूरला ऑफिसात होते. रिक्षा करून निघाले. तळ्याकाठच्या रस्त्यावर रिक्षावाला दर मिनिटाला मागे वळून 'स्वल्प वेळ लागेल मॅडम' म्हणत राहिला आणि मला जाणवलं, माझ्याकडे किल्लीही नाही. मी जाऊन करणार काय आहे?

फाटक ढकलून आत गेले तर घराच्या बाजूच्या बोळात, खिडकीखाली, प्लास्टिकचं एक लाल स्टूल होतं. स्टुलावर अक्का. सत्तरी ओलांडलेल्या, साडीचा पदर खोचलेल्या, आणि त्यांचा एक हात खांद्यापर्यंत खिडकीच्या गजांतून आत गेलेला. मी जवळ जाऊन डोकावले. काकू खिडकीला लागून ठेवलेल्या खुर्चीतून घसरून खालच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. अक्कांनी वरून त्यांचा डावा हात घट्ट धरला होता आणि कन्नडमध्ये त्यांना शाळेतल्या कुठल्याशा व्रात्य मुलीची गोष्ट सांगत होत्या, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. काकू रडून गेल्या होत्या, पण आता ऐकत होत्या. केसांत अबोली होती. अक्कांनी माझ्याकडे न बघताच इंग्रजीत सांगितलं, आवाज करू नकोस, आत्ताच शांत झाली आहे.

एवढ्यात किल्ल्यांचा आवाज आला. अण्णांना आधी स्टूल दिसलं. मग गजांतला हात. ते कन्नडमध्ये म्हणाले, माझ्या घरात हात घालून काय चाललंय? अक्कांनी हात बाहेर काढला. दंडावर गंजाचा तांबडा पट्टा उठला होता. "हात धरला होता," त्या म्हणाल्या. मी आधार दिला तशा खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि जाता जाता म्हणाल्या, "स्टूल इथेच राहू दे. परत लागेल."

अण्णा कुलूप उघडायला गेले.  पहिली हाताला लागली ती बेळ्ळंदूरची. मग पंपघराची लावली. मग गणपतीच्या कपाटाची. आतून काकूंचा आवाज येत होता, 'बसतो, बसतो', आणि त्या सगळ्या जुडग्यातून अण्णांना स्वतःच्या घराची किल्ली सापडत नव्हती. शेवटी मीच ती ओळखून हातात दिली.

काकूंना उचलून पलंगावर निजवलं. कुठे लागलं नव्हतं. मी चहा केला आणि पहिल्यांदाच अण्णांना सरळ विचारलं, अक्कांशी तुमचं नेमकं काय झालं? त्यांनी बशी खाली ठेवली. मग बोलू लागले. काकू हॉस्पिटलातून घरी आल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. असोसिएशनच्या बैठकीला एका बिल्डरचा माणूस आला होता, सुटाबुटातला, आणि सगळे शिकलेले लोक मान डोलावत होते. अण्णा उठले आणि त्यांनी कशावरून, कशावरून असं विचारत त्याला घाम फोडला. वर त्याचे कागद महापालिकेत जाऊन तपासायचं कामही अंगावर घेतलं, पंपघर तर होतंच. बैठकीतून परतताना अक्कांनी फाटकात थांबवलं आणि एक इंग्रजी वाक्य म्हटलं. ते वाक्य अण्णांना शब्दन् शब्द पाठ होतं. त्यांनी ते मला म्हणून दाखवलं, शाळेत उभं केल्यासारखं, "यू हॅव बिटन ऑफ मोअर दॅन यू कॅन च्यू."

"मला काय इंग्रजी येत नाही व्हय?" ते म्हणाले. "बाइट म्हणजे घास. च्यू म्हणजे तोंडानं चावायचं. लहान तोंडी मोठा घास. मी टर्नर, ती एम.ए. शिकलेल्या माणसांत मी बोललो ते तिला झोंबलं. तिला आपली जागा बिल्डरला इकायची असणार, न्हाई तर तिला काय पडलं होतं? माझ्या दारात उभं राहून माझी लायकी काढली."

मला हसू आलं नाही. हे लिहितानाही येत नाही. एका मराठी म्हणीनं एका इंग्रजी वाक्याच्या अंगावर आपले कपडे चढवले होते आणि अण्णांनी कपड्यांवरून माणूस ओळखला होता. मी सांगायचा प्रयत्न केला. आपला घास बोलण्याचा असतो, पायरी सोडून बोलण्याचा. इंग्रजीतला घास कामाचा आहे. पेलेल त्यापेक्षा जास्त अंगावर घेतलंत, एवढंच ते म्हणतात. त्यात लहान तोंड नाही. कुणाचीच लायकी त्यात काढलेली नाही.

"कशावरून?"

मी वर जाऊन शब्दकोश आणला. अण्णांनी आधी तो कुठल्या सालचा ते पाहिलं, मग पान वाचलं, मग मिटून माझ्याकडे परत दिला. हे तुम्हा पुस्तकवाल्यांनीच लिहिलेलं, म्हणाले. आणि मग, "वाक्याचा अर्थ असंल तो. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते ह्यात कुठं लिहिलंय?"  तो प्रश्न खरा होता. कुठल्याच शब्दकोशात ते नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले, कारण आदल्या दिवशीच्या उचलाउचलीत अण्णांची पाठ धरली होती. ते काकूंना मऊ उप्पीट भरवत होते. तेवढ्यात फोन वाजला. पंपघरातून पाणी येत नाही अशी तक्रार. अण्णांनी फोन कान आणि खांद्यामध्ये धरला, 'मी बघतो, हे आलोच' म्हणाले, आणि लवकर आटपावं म्हणून चमचा शिगोशीग भरून काकूंच्या तोंडात दिला.

काकूंनी तो घेतला. नवऱ्यानं दिलेला घास त्या नाकारत नसत. पण तो त्यांना चावता येईना. डावा गाल फुगला, जबडा हलायचा थांबला, डोळ्यांत पाणी आलं. गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही, अशा त्या अण्णांकडे बघत राहिल्या. तक्रार नव्हती त्या बघण्यात. नुसतं बघत होत्या. अण्णांच्या खांद्यावरून फोन खाली पडला. त्यांनी बोट घालून तो घास काकूंच्या तोंडातून थोडा थोडा करून काढला, आपल्या तळहातावर घेतला, आणि काकूंना खोकल्याची उबळ येऊन श्वास मोकळा झाला. खाली पडलेल्या फोनमधून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

अण्णा तळहातावरच्या उप्पिटाकडे बघत उभे होते. मग हळूच म्हणाले, "बिटन ऑफ मोअर." उरलेलंही पुरं केलं, "दॅन यू कॅन च्यू." आणि मग जे म्हणाले ते मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. "बरोबर आहे." असंल नव्हे.

"लेथवर टूलला झेपणार न्हाई एवढा कट दिला की टूल मोडतं," हात धुताना ते म्हणाले. "हे मला कळत होतं की. तिनं तसं सांगायचं."

मी म्हटलं, अक्कांना टूल कुठून कळणार?

"आणि मला च्यू कुठनं कळणार?"

ते बाहेर गेले आणि मधल्या भिंतीपाशी उभे राहिले. खाकरले. मग आपल्या उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये हाक मारली, "अक्का, स्वल्प बर्री." जरा येता का, एवढंच. पूर्वी अक्का त्यांच्या त्या शेवटच्या 'री'ची थट्टा करायच्या, हेही मला इस्त्रीवाल्यानंच सांगितलं होतं. पलीकडचा पडदा हलला. मग आवाज आला, "स्टूल आणू, की दारानं येऊ?"

"दारानं या," अण्णा म्हणाले.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. पहिले काही दिवस अक्का भरवायला बसल्या की अण्णा दारात उभे राहून चमच्यावर नजर ठेवायचे. घास मोठा होतोय, असं सुचवायचे. अक्का मान न वळवता वर्गाबाहेर काढतात तसं बोटानं बाहेरचा रस्ता दाखवायच्या. माफी कुणी कुणाची मागितली नाही. मीच एकदा अक्कांना त्या फाइलवाल्या गृहस्थाबद्दल विचारलं. ब्रोकर होता, हाकलून दिला, असं त्या म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण उत्तर द्यायला त्यांनी क्षणभर जास्त वेळ घेतला असं मला वाटलं. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. अण्णांकडून मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर हे मिळालं.

किल्ल्या मात्र कमी झाल्या. बेळ्ळंदूरची पुतण्याच्या मित्राकडे गेली. मंडळाच्या कपाटाची नव्या खजिनदाराकडे गेली. अण्णांनी त्याला 'कशावरून नीट ठेवशील?' असं विचारलं, तो गोंधळला, तरी दिली. पंपघराची सुटायला सर्वांत वेळ लागला आणि ज्या माणसाकडे ती गेली त्याच्या हातून पहिल्याच आठवड्यात टाकी वाहून गेली. अण्णा गच्चीवरून ते वाहणारं पाणी बघत राहिले, पट्ट्याकडे हात गेला, आणि मला म्हणाले, "वाहू दे." देवनहळ्ळीची किल्ली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. सगळंच सोडून घरात बसलो तर भांडणं होतील, म्हणाले. पण आता ते जायचे तेव्हा घराला कुलूप नसायचं. आत दोघी असायच्या आणि फूल माळायला खिडकी लागत नसे.

अण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. एका सकाळी छाती भरून आली, घाम सुटला. मी कॅब बोलावली. ते स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत आले. तिथे थांबून त्यांनी पट्ट्याचा जुडगा काढला, आता तो आवाजही करत नव्हता, आणि नखानं कडी उघडून घराची किल्ली वेगळी केली. मला वाटलं माझ्याकडे देतील. त्यांनी ती अक्कांच्या हातावर ठेवली. अक्कांनी मूठ मिटली, आणि इतक्या वर्षांत त्यांच्याकडून ऐकून ऐकून शिकलेला मराठी शब्द वापरला. डोळे भरले होते, पण आवाज मुख्याध्यापिकेचा होता. "कशावरून परत देईन?"

अण्णांना हसताना दम लागला. "देऊ नका," ते म्हणाले.

किल्ली अक्कांकडेच आहे. काकू आहेत. सकाळी अक्का उप्पीट किंवा गुरगुट्या भात घेऊन बसतात, काकू 'खातो' म्हणतात आणि दाराकडे बघतात. काय झालं ते त्यांना किती कळलंय, कुणाला ठाऊक. मी वरच राहते. पुस्तकं भिंतीच्या कडेनंच लावलेली आहेत.

त्या सकाळी कॅबमध्ये मी अण्णांच्या शेजारी बसले होते. सिग्नलला गाडी थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "घास लहान देतील न्हवं?"

मी म्हटलं, देतील.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजू लागले, गाडी हलली. अण्णांनी मान मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले. काही विचारलं नाही.